नकाशात नसलेली तार

आमच्या शेजारचे वाघमारे रस्त्याने चालताना खाली बघत नाहीत. जन्मभर लाइनमन होते; निवृत्त झाले तरी नजर तारांवरच. त्यापायी ते दोनदा नालीत आणि एकदा आमच्या तुळशीवर पडले. उठून कपडे झटकत म्हणाले, "बाई, खालचं सगळ्यांनाच दिसतंय. वर बघायला माणूस लागतो."

मुलांनो, तुम्ही सुट्टीत नांदेडला यायचात तेव्हा भारनियमनात सगळी गल्ली घामाघूम व्हायची, पण आजोबांच्या खोलीतला टेबलफॅन फिरत असायचा. आजोबा होते तोवर त्यांचं ऑक्सिजनचं मशीनही त्याच प्लगवर चाले. तो प्लग वाघमाऱ्यांनी बसवलेला. वीज कुठून येते असं मी विचारलं, की म्हणायचे, "तुम्ही शाळेत शिकवता ते इंग्रजी मी विचारतो का?"

यंदा आमच्याकडे ड्रोनचा तळ करायचं ठरलं. इथून उमरीच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या उडत जाणार. जागा निवडायला आलेल्या तरुण इंजिनिअर मॅडमनी समाजमंदिराची गच्ची पसंत केली. सपाट, मोकळी, इस्पितळाजवळ. गल्ली खूश झाली. एकटे वाघमारे रोज जाऊन सांगत, "जागा बदला." का, ते धड सांगेनात. एकदा वारा वाईट, एकदा घारी फार.

"वाघमारे, तुमच्याच डोक्यावर उतरवू," लोक म्हणाले. "तुम्ही तसंही वरच बघून राहता."

ते गच्चीशेजारच्या कडुनिंबाकडे बघत घरी गेले.

चाचणीच्या सकाळी आम्ही सगळे गच्चीवर होतो. गावाबाहेरच्या विष्णुपुरीहून चाचणीचा ड्रोन निघाल्याचा फोन आला आणि वाघमारे धापा टाकत जिना चढून आले. हातात वाळका बांबू, टोकाला घाम पुसायची लाल दस्ती बांधलेली.

"मॅडम, त्याला थांबवा. तार हाय."

"काका, नकाशात इथे तार नाही."

"नकाशात न्हाई, पर हाय. मीच वढली."

त्यांनी बांबू उंच धरला. कडुनिंबाच्या फांदीतून निघालेली बारीक काळी तार त्या लाल दस्तीजवळ पहिल्यांदा आम्हाला दिसली. तोवर ड्रोनची घरघर ऐकू येऊ लागली होती. मॅडम फोनवर ओरडल्या. ड्रोन डोक्यावर अडखळल्यासारखा थांबला. मग तो वळला आणि आला तसा गेला.

"ही कुणाच्या घरी जाते?" मॅडमनी वही उघडली.

वाघमाऱ्यांनी मान खाली घातली. तशी ती मी कधी पाहिली नव्हती.

"माझ्या. इस्पितळाच्या लाइनीवरून चोरून घेतली."

"लोकांचे आकडे काढत फिरलात, अन् सोताचं हे?" मागून कुणीतरी म्हणालं.

मलाही राहवलं नाही. "वाघमारे, तुम्हीसुद्धा?"

"हाव, बाई," ते म्हणाले.

लाइन बंद करवून त्यांनी स्वतःच्या हातानं तार कापली. थोड्या वेळानं वीज परत आली तेव्हा मी घरी पोचले होते. स्वयंपाकघरातला दिवा लागला, फ्रिज गुरगुरला. आजोबांच्या खोलीतला पंखा मात्र तसाच उभा होता. बटण चालूच होतं. मी ते दोनदा दाबून पाहिलं.

मग अंगणात येऊन वर पाहिलं. कापलेल्या तारेचं टोक आमच्याच भिंतीवरून लोंबत होतं.

मॅडमची गाडी समाजमंदिरापुढे अजून उभी होती. ती निघायच्या आत त्यांच्या वहीतलं नाव बदलायला हवं होतं. मी चपला अडकवल्या आणि त्या तारेकडे बघतच निघाले. चार पावलांवर माझा पाय नालीत गेला.