साडेपंच्याऐंशीचा प्रश्न

"आता फक्त एकच गोष्ट काढायची राहिलीय," नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेबाच्या वहीत पेन्सिल ठेवत म्हणाला. "मी कधी जाणार."

"कुठे?" बायकोनं विचारलं. ती चादर पिळत होती आणि पाण्याच्या आवाजात तिला अर्धंच ऐकू आलं होतं.

नकाशा कचेरीत छत्तीस वर्षं काढलेले हे गृहस्थ. तिथं सगळे त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत, कारण आराखड्यात एका मिलिमीटरची चूक सापडली म्हणून त्यांनी एकदा अख्खा पूल तीन महिने अडवून धरला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, वयाची त्रेसष्ट पूर्ण झाली, पण सरकारी पेन्शन त्यांनी अजून सुरू केली नव्हती. नियमच तसा होता. साठीला अर्ज केला तर ठरलेली रक्कम, आणि थांबलं तर प्रत्येक वर्षाला त्यावर आठ टक्के जास्त, सत्तरीपर्यंत. एकदा सुरू केली की जन्मभर तोच आकडा. आठ टक्के फुकट सोडणं मिलिमीटरांच्या स्वभावात नव्हतं. तोवर घर शिल्लकीवर चाललं होतं आणि शिल्लक जपून वापरायची होती. त्यामुळे स्वयंपाकघरातला गळका नळ सत्तरीनंतर, कपडे धुण्याचं मशीन सत्तरीनंतर, आणि बायकोची दुखरी मनगटंही सत्तरीनंतरच बघायची होती.

"मी साडेपंच्याऐंशीच्या पुढे जगलो, तर थांबण्यात फायदा," त्यांनी समजावलं. "त्याआधी गेलो, तर आत्ताच घेतलेली बरी."

"मग घ्या ना आत्ताच."

"अगं, असं अंदाजपंचे कसं चालेल?"

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. वीस वर्षांत या डॉक्टरांनी त्यांच्या सर्दीखेरीज काही बघितलं नव्हतं. मिलिमीटर खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, आडपडदा न ठेवता सांगा. माझ्याकडे किती वर्षं आहेत?"

"काही त्रास होतोय का?"

"मुळीच नाही. मला तारीख हवी. तारीख जमत नसेल तर महिना सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं आणि सुचतील तेवढ्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट आले की स्वतः फोन करतो म्हणाले.

रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा घराण्याचा अंदाज घ्यावा, म्हणून मिलिमीटरांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, बाबा गेले तेव्हा नेमके किती वर्षांचे होते?"

"एकोणऐंशी. का रे?"

"आणि आजोबा?"

"ब्याण्णव. काय चाललंय तुझं?"

मिलिमीटरांनी सरासरी काढली. ती बरोबर साडेपंच्याऐंशी आली. त्यांच्या तोंडून एक दीर्घ सुस्कारा निघाला, तो ताईला स्वच्छ ऐकू गेला.

"काही नाही गं," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे जाऊन आलोय. तपासण्या चालू आहेत. माझं किती राहिलंय तेवढंच बघायचंय."

ताईनं फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. तासाभरात भावजयीला, भाच्याला आणि भावजयीच्या भावाला बातमी पोहोचली. प्रत्येकाला तिनं एकच बजावलं, "त्याच्यासमोर विषय काढू नका. बिचारा एकटाच सोसतोय."

शनिवारी मुलगा परगावाहून रजा टाकून आला. एरवी तो दर रविवारी अकरा मिनिटं फोन करायचा. आता तो वडिलांच्या शेजारी बसून म्हणाला, "बाबा, लहानपणी तुम्ही मला नकाशे काढायला शिकवायचात. फार मजा यायची."

मिलिमीटर चपापले. नकाशाची वही काढली की हा मुलगा पलंगाखाली लपायचा, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

संध्याकाळी मेहुणा आला, खांद्यावर शिडी घेऊन. ही शिडी त्यानं नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली होती, आणि तिच्यापायी दोन घरांतलं येणंजाणं बंद झालं होतं. "दाजी, तुमची शिडी," तो खाली बघत म्हणाला. "माझंच चुकलं." आजवर त्याचं कधीच काही चुकलं नव्हतं. आणि रात्री जेवताना बायकोनं न मागता त्यांना दुसऱ्यांदा वाढलं आणि तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले.

मिलिमीटर विचारात पडले. मोजणीच्या कामात त्यांनी एक तत्त्व कायम पाळलं होतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच खूण दिसली, तर ती खूण खरी धरायची. मुलगा, मेहुणा, बायको. तिघांनाही काहीतरी ठाऊक होतं आणि ते त्यांच्यापासून लपवलं जात होतं. याचा अर्थ डॉक्टरांनी रिपोर्ट परस्पर घरी कळवले. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण एवढी धडपडून ती लपवतेय, तर तिचा धीर कशाला खचवा, म्हणून ते गप्प राहिले. त्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय आपण विचारायचं नाही, असं पलीकडे बायकोनंही ठरवलं होतं. दोघं एकमेकांना जपत छताकडे बघत पडून राहिले.

सोमवारी ते पेन्शन कचेरीच्या खिडकीशी उभे होते.

"सत्तरीपर्यंत थांबलात तर बरीच जास्त मिळेल," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "विचार केलाय ना नीट?"

"बाई, माझ्याकडे सात वर्षं नाहीत."

बाईंचा हात शिक्क्यावरच थबकला. मागच्या रांगेत कुजबुज झाली. जो अर्ज पुढे सरकायला दोन आठवडे लागतात, तो पाच मिनिटांत मंजूर झाला. "मन बदललं तर तीस दिवसांत अर्ज मागे घेता येतो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यानंतर मात्र नाही."

"तीस दिवस पुष्कळ झाले," मिलिमीटर म्हणाले. ते वळले तेव्हा लोकांनी बाजूला होऊन वाट करून दिली.

मग ते आवराआवरीला लागले. गळका नळ त्यांनी स्वतः दुरुस्त केला. आपल्यामागे बायकोचं अडायला नको, म्हणून तिला विजेचं बिल कसं भरायचं ते शिकवायला बसले, तेव्हा एकोणीस वर्षं ते तीच भरतेय असं कळलं. संध्याकाळी ते तिच्याबरोबर फिरायला जाऊ लागले. एकदा बाकावर बसल्यावर त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "याच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं," ते म्हणाले. बायको काहीतरी बोलणार होती, पण मग रस्त्याकडे बघत राहिली.

नातेवाइकांचं मात्र त्यांना नवल वाटलं. त्याच आठवड्यात मेहुणा परत आला आणि, "दाजी, शिडी जरा लागतेय," म्हणून घेऊनही गेला. मुलाचा फोन पुन्हा अकरा मिनिटांवर आला. ताई तर आईच्या बांगड्या कोणाकडे गेल्या यावरून पूर्वीसारखीच कडाकडा भांडली. मिलिमीटरांचा ऊर भरून आला. आपल्याला कळू नये म्हणून ही माणसं किती कष्टानं नेहमीसारखी वागताहेत.

पेन्शनचा पहिला हप्ता आला, त्याच दिवशी बायकोनं कपडे धुण्याचं मशीन आणलं. ते घुमायला लागलं तेव्हा ती समोर स्टूल टाकून बसली आणि पूर्ण धुणं संपेपर्यंत उठली नाही. पुढच्या एकटीच्या दिवसांची तयारी करतेय बिचारी, असं मनात येऊन मिलिमीटर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

अर्ज करून एकतिसावा दिवस उजाडला. सकाळी बायकोनं चहाचा कप पुढे ठेवला, स्वतःचा घेतला आणि समोर बसली.

"डॉक्टरांचा फोन आला होता," ती म्हणाली.

मिलिमीटरांनी टेबलाची कड धरली. "बोल. माझी तयारी आहे."

"सगळे रिपोर्ट उत्तम आहेत. हृदय तर पन्नाशीतल्या माणसाचं आहे म्हणाले."

एवढी वाईट बातमी ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांचा चेहरा पार उतरला. "नीट बघितलंय का त्यांनी?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही सापडलं?" मग एकदम उठून ते चपला शोधू लागले. "अर्ज मागे घ्यायला हवा. आजच्या आज."

"मुदत काल संपली. पावतीवर तारीख आहे."

त्यांना एकच चप्पल सापडली होती. ती पायात घालून ते तसेच उभे राहिले. "फोन कधी आला होता?"

"तुम्ही अर्ज केलात त्याच आठवड्यात, बुधवारी. तुम्ही नळाचं सामान आणायला गेला होतात. ताईंना, मुलाला, सगळ्यांना मी लगेच कळवलं. उगाच काळजीत कशाला ठेवायचं?"

"आणि मला?"

"तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, ताईंना विचारलंत, वहीला विचारलंत. मला कधी विचारलंत?" ती शांतपणे म्हणाली. "आणि खरं सांगू का, तुम्ही इतके छान मरत होतात. मध्येच थांबवायचं माझ्या जिवावर आलं."

मिलिमीटर खुर्चीत बसले. रागवावं असं त्यांना वाटत होतं, पण महिनाभरात ती सवय मोडली होती. चहा निवायला लागला होता, तो त्यांनी दोन घोटांत संपवला. मग खाली बघत, सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "मी साधारण किती जगेन, असं काही बोलले का गं ते?"

"बोलले ना."

"किती?"

"ते नाही सांगायची," बायको कप उचलत म्हणाली. "आकडा सांगितला, की तुम्ही जगायचं सोडून परत बेरीज मांडाल."