सुभेदार, सुकट आणि सेफ्टी वीकचं बक्षीस

मिक्सर घेणार की व्हॅक्यूम क्लीनर, असं एचआरच्या मॅडमनी विचारलं आणि मी घरी फोन न करता 'व्हॅक्यूम क्लीनर' असं सांगून टाकलं. संसारी माणसाने असे निर्णय एकट्याने घेऊ नयेत हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी हवेत होतो. रोह्याच्या कंपनीत डिस्पॅचला इतकी वर्षं मान मोडून काम केलं, पण माझं नाव माइकवरून पुकारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. सेफ्टी वीकच्या घोषवाक्य स्पर्धेत मी पहिला आलो होतो! 'डोक्यावर हेल्मेट, संध्याकाळी घरच्यांची भेट.' (स्पर्धेत आम्ही तिघंच होतो आणि त्यातल्या एकाचं घोषवाक्य टूथपेस्टच्या जाहिरातीतलं निघालं, ही माहिती अनिता, म्हणजे माझी बायको, कुणी न विचारता सगळ्यांना पुरवते.)

बक्षीस मार्चमध्ये जाहीर झालं आणि आषाढात हातात पडलं. मी खोका डोक्यावर घेऊन घरी आलो. रिक्षा मिळत होती, पण मग लोकांना दिसलं नसतं.

"मिक्सरचं भांडं कधीपासून गळतंय, ठाऊक हाय ना तुम्हाला?" अनिता म्हणाली.

"अगं, मिक्सर काय, कुणाच्याही घरात असतो."

"आपल्या सोडून," असं म्हणून ती आत गेली.

आता सुभेदाराची ओळख करून द्यायला हवी. सुभेदार हा आमचा बोका. काळाकुळीत, भरघोस मिशांचा. कंपाउंडच्या भिंतीवरून तो असा चालतो की खालची माणसं आपसूक बाजूला होतात. गल्लीतली कुत्री त्याला वाट देतात. दूधवालाही त्याच्याशी अदबीने बोलतो, माझ्याशी नाही. असा हा बहाद्दर मशीनचं उद्घाटन बघायला दिवाणखान्याच्या मधोमध येऊन बसला. मी बटण दाबलं.

त्याच्या शेपटीचा बाटली धुवायचा ब्रश झाला. सोफा, शोकेस, फ्रिज अशी चढण चढत तो थेट माळ्यावर मागच्या वर्षीच्या मखरात जाऊन बसला आणि तिथून माझ्याकडे बघून असं काही फिसकारला, की बक्षीस परत करावंसं वाटलं.

मला ते फार लागलं. माझ्या आयुष्यातली ही एकुलती एक ट्रॉफी, आणि माझ्याच घरचं मांजर तिला बघून पळतं! मी मशीन घेऊन त्याच्या पाठोपाठ स्टुलावर चढलो. "अरे, घाबरू नको! घाबरू नको! मी आहे!" असं मोठ्याने (मशीनच्या आवाजात ऐकू जायला नको का?) ओरडत राहिलो. त्याने मखरातून उडी मारली ती माझ्या डोक्यावरून. खुणा अजून आहेत.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. कुठल्याशा परदेशी बाईचं मांजर चालू मशीनवर स्वार होऊन घरभर फिरत होतं. युक्ती सोपी होती. मशीन बंद ठेवायचं, त्यावर खाऊ ठेवायचा, मांजराची भीड चेपते. त्या बाईचा खाऊ कसल्या तरी गोळ्यांचा होता. आमच्या सुभेदाराला सुकटीपुढे काही दिसत नाही. तेव्हा मी सुकटीची पुडी आणली आणि चिमूट चिमूट मशीनवर ठेवायला लागलो. पाइपच्या तोंडाशीही ठेवली, म्हणजे डोकं आत घालायची सवय व्हावी.

एवढ्यात श्रावण लागला.

"श्रावणात घरात सुकट?" अनिताने विचारलं.

"मांजराला कसला आलाय श्रावण?"

"मांजराला नाय. पण पुडी तुमच्या खिशात असते."

मी पुडी खिशात आणखी खाली सरकवली. प्रशिक्षकाला असं ऐकून घ्यावं लागतं. पण फळ आलं! आठवड्याभरात सुभेदार मशीनवर बसून सुकट खाऊ लागला, पुढे तिथेच झोपू लागला. बंद मशीनवर झोपतो त्या अर्थी चालू मशीनला तो भीत नाही, असा निष्कर्ष मी काढला. (डिस्पॅचमधले माझे निष्कर्षही याच जातीचे असतात. म्हणून आमचा माल कधी कधी भलत्याच गावी जातो.) मशीन चालू करून खात्री करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं झालं असतं. मी ते टाळलं आणि सगळ्या शिफ्टला सांगून टाकलं की माझ्या बोक्याने व्हॅक्यूम क्लीनरची भीती जिंकली आहे.

हेच मी सासऱ्यांनाही फोनवर सांगितलं, आणि तिथे घोटाळा झाला.

माझे सासरे हैबतराव यांचा पेणजवळ जोहे गावात गणपतीचा कारखाना आहे. श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते. घरातले, शेजारचे, पाहुणे, जो येईल त्याच्या हाती पॉलिश पेपर नाहीतर ब्रश देतात. फक्त एका माणसाला काम मिळत नाही. मी पोचलो रे पोचलो की मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) लाल प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणतात, "जावईबापू, तुम्ही बसा." जावयाचा मान म्हणा, किंवा त्यांनी मला एकदा नारळ फोडताना पाहिलंय म्हणा, पण लग्नापासून मी त्या खुर्चीतच आहे. समोर शेजारची पोरं मूर्तींना हात लावतात आणि मी कांदेपोह्यांची बशी धरून बसतो. एकदा, फक्त एकदा, मामांनी म्हणावं, 'जावईबापू, जरा एवढं करा बघू.' माझी तेवढीच इच्छा होती.

तर फोनवर मामा म्हणाले, "यंदा घासकामाची धूळ लय होतेय. ब्रशने झाडून बायका दमल्या."

"मामा," मी म्हणालो, "मी मशीन घेऊन येतो."

"आवाज करील ना ते? कारखान्यात मांजरं हायत. बिथरून मूर्तींवर उड्या मारतील."

"मांजरांचं माझ्यावर सोडा. सुभेदारालाही आणतो. त्याचं बघून तुमची मांजरं शिकतील."

 मग मामा म्हणाले, "या." मला वाटलं, गड जिंकला.

रविवारी आम्ही निघालो. रोह्याहून पेणच्या गाडीत एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात फळांचे दोन क्रेट एकमेकांवर बांधून केलेला सुभेदाराचा पिंजरा. कासू स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना घोषवाक्य पाठ झालं होतं. अनिता खिडकीबाहेर बघत होती. आपण एकटीच प्रवास करत आहोत असा तिचा चेहरा होता.

कारखान्यात पोचलो तेव्हा मामा कोलाडच्या मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आखणी करत होते. आखणी म्हणजे डोळे रंगवणं. बाकी सगळं इतरांनी केलं तरी डोळे मामाच काढतात, आणि त्या वेळी कारखान्यात कुणी खोकतसुद्धा नाही. मूर्ती खांद्यापर्यंत प्लास्टिकने झाकलेली, फक्त चेहरा उघडा. उजवा डोळा झाला होता, ओला चमकत होता. डावा बाकी होता. संध्याकाळी मंडळाचा टेम्पो यायचा होता. अनिता चहा करायला आईबरोबर मागे घरात गेली.

"जावईबापू, तुम्ही..." मामांनी मान न वळवता सुरुवात केली.

"बसत नाही, मामा!" मी म्हणालो. "तुम्ही चालू द्या. या कोपऱ्यातल्या फळ्या मी साफ करतो. आवाज अगदी कमी आहे." (हे मी कशाच्या आधारावर बोललो, मला खरंच सांगता येणार नाही.)

पुंडलिक नावाचा रंगकाम करणारा माणूस हातातलं काम थांबवून बघायला लागला. हा खाडीकाठचा माणूस. मासळीशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, पण मामांचा नियम कडक आहे. श्रावण लागल्यापासून गणपती जाईपर्यंत कारखान्यात मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही. पुंडलिक तेवढे दिवस जगात काही उरलं नसल्यासारखा वावरतो.

मी सुभेदाराला क्रेटमधून काढून मशीनवर बसवलं. तो बसला. ऐटीत! मी पुंडलिककडे बघितलं. माझी छाती एवढी फुगली होती की शर्टाचं बटण कुरकुरलं. मग पाइप मशीनच्या भोकात खुपसला आणि बटण दाबलं.

त्या मशीनला दोन भोकं आहेत. एक हवा ओढतं आणि दुसरं फुंकतं. घरी पाइप नेहमी अनिता लावते.

पहिल्यांदा पाइपातून सुकट निघाली. पाइपच्या वळ्यांत आठवड्याआठवड्याची अडकून साठलेली, खमंग. मग फळ्यांवरची सगळी धूळ उठली आणि कारखान्यात कोण कुठे आहे ते दिसेनासं झालं. मी बटण बंद केलं. पांढरा ढग हळूहळू खाली बसला, मामांनी मूर्तीच्या चेहऱ्यापुढे ओढून धरलेलं प्लास्टिक सोडलं, तसा वास वर आला.

"सुकट!" मामा गरजले. "कुणी आणली कारखान्यात? पुंडलिक!"

"गणपतीशपथ मी नाय, मालक!" पुंडलिक पांढऱ्या भुवया उंचावून म्हणाला. पण त्याने एक दीर्घ श्वास घेतलाच, आणि त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी सुख आलं.

तेवढ्यात मामांनी आपल्या काळ्या रंगाच्या वाटीत बघितलं. वाटीत एक सुकट पोहत होती. मामांनी ती ब्रशच्या टोकाने बाहेर काढली आणि काही बोलणार एवढ्यात वर बघून तिथेच थिजले.

सुभेदार मूर्तीच्या मुकुटावर होता. आता तो पांढरा झाला होता, फक्त शेपटीचा शेंडा काळा राहिला होता. आणि तो शेंडा गणपतीच्या ओल्या उजव्या डोळ्यापुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होता. मधे बोटभर जागा असेल नसेल.

"कुणी हलू नका," मामा पुटपुटले. त्यांचा आवाज कापत होता. इतकी वर्षं मी तो आवाज कापताना ऐकला नव्हता.  मंडळाचा टेम्पो, मामांची आखणी, एवढी मोठी मूर्ती, आणि कारण कोण, तर मी.

"घाबरू नको!" मी ओरडलो. "सुभेदार, मी आहे! मी आहे!"

शेपटी दुप्पट वेगाने हलायला लागली.

"जावईबापू, तुम्ही गप ऱ्हावा बघू!" गिरजाबाई, माझ्या सासूबाई, दारातून म्हणाल्या. त्यांच्यामागे अनिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

आता एकच उपाय उरला होता. श्रावणात, गणपतीसमोर, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत मी खिशात हात घातला आणि सुकटीची पुडी बाहेर काढली. मामांनी पुडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मी तळहातावर सुकट घेऊन हात उंच केला. सुभेदाराने ढुंकूनही बघितलं नाही. पुंडलिकने मात्र बघितलं.

अनिताने ट्रे खाली ठेवला. माझ्या हातातून पाइप घेतला, मशीनच्या दुसऱ्या भोकात बसवला आणि बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती खाली बसून, जणू काही झालंच नाही अशी, गुणगुणत फळी साफ करत होती. सुभेदाराने कान टवकारले. शेपटी थांबली. तो मुकुटावरून मागच्या फळीवर, तिथून जमिनीवर अलगद उतरला, तिच्याजवळ गेला आणि घरघरणाऱ्या मशीनला पाठ घासून तिथेच आडवा झाला. अनिताने पाइप त्याच्या पाठीवरून फिरवला. तो पुन्हा काळा झाला.

"रोज दुपारी आम्ही दोघं घर झाडतो," अनिता म्हणाली. "तुम्ही शिफ्टला गेलात की."

"मग मला बघून का पळतो?"

"पहिल्या दिवशी आवाजाला दचकला, तेवढंच. पण मशीन हातात घेतलं की तुम्ही 'घाबरू नको, घाबरू नको' ओरडत त्याच्या पाठी लागता. कोण नाय घाबरणार?"

"अगो, म्हणजे मशीनला नाय गो घाबरत तो," गिरजाबाई म्हणाल्या. "जावयांना घाबरतो!"

"मला सांगितलं का नाहीस?" मी अनिताला हळूच विचारलं.

"तुम्ही इतक्या कौतुकाने सगळ्यांना सांगत होतात. कशाला मोडायचं?"

खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण अभिमानच वाटला. मांजर माझं, मशीन माझं, बायको माझी. कारखान्यात त्या क्षणी जे काही धड चाललं होतं ते सगळं माझंच होतं. (पुडीही माझीच, पण ती पुंडलिकने कुठेतरी नेली होती.)

मामांनी वाटी धुऊन नवा रंग घेतला. अनिताने मशीन बंद केलं. दुसरा डोळा उतरला आणि गणपतीने आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. मामांनी ब्रश खाली ठेवला आणि हात जोडले. अनिताने मशीन पुन्हा चालू केलं, तसे मामा तिकडे वळून म्हणाले, "काम चांगलं करतंय. कुठून आणलंत?"

"बक्षीस हाय, आबा," अनिता म्हणाली. "ह्यांना मिळालं. पहिला नंबर."

स्पर्धेत तिघंच होते, हे ती बोलली नाही! मी वाट बघितली. ती खरंच बोलली नाही.

"व्हय?" मामा म्हणाले आणि त्यांनी मला वरून खालपर्यंत नव्याने न्याहाळलं. "मग गणपती होईस्तोवर मशीन हितंच ऱ्हाऊ दे. अनिता चालवील. बोका पण ऱ्हाऊ दे, आमची मांजरं त्याचं बघून शिकतील."

अगदी माझेच शब्द! मी बाह्या वर सरसावल्या, पुढे झालो. "मामा, मी काय करू?"

मामांनी सवयीने लाल खुर्चीकडे बोट केलं, तोंड उघडलं आणि थांबले. खुर्चीत सुभेदार झोपला होता. मशीनच्या आवाजात, पाय पसरून. मामांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोट हळूच खाली घेतलं.

"दमलाय बिचारा, त्याला उठवू नका," ते म्हणाले. "जावईबापू, तुम्ही उभे ऱ्हावा."

लग्नानंतर पहिल्यांदा मामांनी मला 'बसा' म्हटलं नाही. टेम्पो येईपर्यंत मी ताठ उभा होतो.