गोदाक्काच्या कचेरीची अभेद्य सुरक्षा

बाळांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका.

एका जंगलात तळ्याच्या काठी गोदाक्का नावाच्या घोरपडीची कचेरी होती. जनावरांचे अर्ज लिहायचे आणि सिंहाच्या दरबारात पाठवायचे, हे तिचे काम. हाताखाली एकच कारकून, शेवंताबाई धामण. ती शेपटीच्या टोकाने टाइप करायची आणि ऱ्हस्वदीर्घात कधी चुकायची नाही.

उंबराच्या ढोलीत कचेरीचा राउटर होता. पासवर्ड एक ते आठ आकडे, ओळीने. वरच्या फांदीवरचा झिपरू वानर तो वापरून दिवसभर दुसऱ्या वानरांचे व्हिडिओ पाहायचा. त्यामुळे अर्ज कासवाच्या चालीने जायचे.

"अक्का, मी नुसता पाहतो. नेत काहीच नाही," झिपरू म्हणाला.

गोदाक्काला ते पटले नाही. तिने कंटकराव साळिंदरांना बोलावले. ते सुरक्षेचे तज्ज्ञ होते. अंगावर काटे इतके, की वाद घालायला कोणी जवळ जात नसे.

"आधी फायरवॉल लावू," कंटकराव म्हणाले.

गोदाक्काने लगबगीने तळ्यातून बादली भरून आणली.

"तशी आग नव्हे, अक्का."

"मग बादली ओतून देऊ?"

"राहू द्या. शिस्त दिसते."

मग त्यांनी नेटवर्कचे नाव लपवले. ते इतके लपले की कचेरीच्या यंत्रालाही सापडेना. मग पासवर्ड बदलला. त्यात एक अंक, एक चिन्ह, एका मेलेल्या नातेवाइकाचे नाव आणि वानराला न आवडणारे एक फळ हवे होते. असे फळ शोधण्यात सकाळ गेली.

"आता ज्याच्या पायाचा ठसा राउटरमध्ये, त्यालाच प्रवेश," कंटकराव म्हणाले.

शेवंताबाई पुढे सरकली.

"पाय?"

"नाहीत."

"कधी येतील?"

"आमच्या घराण्यात येत नाहीत, साहेब."

"मग तुम्ही पाहुण्यांच्या नेटवर्कवर बसा. सगळे दिसेल. पाठवता काही येणार नाही."

शेवंताबाई पाहुण्यांच्या नेटवर्कवर जाऊन बसली. अकरा वर्षे ती ढोलीजवळच्या एकाच फांदीवर बसून कचेरीचे काम करत होती.

त्याच दुपारी दरबाराचा हुकूम आला. तळे बुजवून तिथे युवराजांसाठी क्रिकेटचे मैदान होणार. हरकत असेल त्याने सूर्यास्ताच्या आत अर्ज पाठवावा.

काठावर एकच गर्दी झाली. बेडकांनी पिल्ले पाठीवर घेतली होती. मासे पाण्यातूनच विचारत होते, "अक्का, गेला का अर्ज?"

शेवंताबाईने अर्ज लिहिला. असा अर्ज तिने आयुष्यात लिहिला नव्हता. पण तिला तो पाठवता येईना. गोदाक्काने आपला पाय राउटरवर ठेवला. पाय चिखलाने भरलेला होता. राउटरने तिला ओळखले नाही. तिसऱ्या खेपेला सगळे दिवे लाल झाले.

"कंटकराव, उघडा हो."

"आता मलाही उघडता येणार नाही," कंटकराव अभिमानाने म्हणाले. "यालाच सुरक्षा म्हणतात."

सूर्य टेकडीला टेकला. गोदाक्का मटकन खाली बसली. तिच्या हातून एकही अर्ज कधी उशिरा गेला नव्हता.

तेव्हा झिपरू खाली उतरला.

"अक्का, माझं चालू आहे."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"राउटरच्या पोटाखाली कारखान्याचा मूळ पासवर्ड छापलेला असतो," तो ओशाळून म्हणाला. "साहेबांनी तो बदललाच नाही. मी दुपारीच माझ्यापुरतं एक दार करून घेतलं."

अर्ज गेला. मग सूर्य मावळला. तळे वाचले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. पूर्ण बंद असलेल्या कचेरीतून अर्ज बाहेर गेला कसा? कंटकरावांनी अहवाल दिला, 'व्यवस्था अभेद्य होती. सबब, ही चोरी आहे.'

झिपरूला जंगलाबाहेर काढले. गोदाक्काने त्याच्या बाजूने अर्ज लिहिला, पण तो अजून पाठवता आलेला नाही.

कंटकरावांचा तळ्याकाठी सत्कार झाला. त्यांना शाल पांघरली, ती काट्यांत अडकली आणि अजून निघालेली नाही. शेवंताबाई आपल्या कचेरीत अजूनही पाहुणीच आहे.

तात्पर्य: चोराला घरात घेऊ नये, पण एखादा ओळखीचा चोर हाताशी ठेवावा. आपल्याच घरात शिरायची वेळ कधी येईल, सांगता येत नाही. काम झाल्यावर त्याला शिक्षा करायला मात्र विसरू नये.