कर चुकवायला निघालेली भांडी

उत्कर्षाने त्या बुधवारी इतकंच ठरवलं होतं, की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज शेवटपर्यंत वाचायचा. एरवी ती पहिली ओळ वाचायची आणि पुढची काळजी स्वतःच्या मनाने करायची. हा मेसेज नवऱ्याच्या मावसभावाने, विश्वजीतने, घरच्या ग्रुपवर टाकला होता. वारसा कर येतोय, वडीलधाऱ्यांचं घर, सोनं, चांदी, भांडीकुंडी, सगळ्याचा निम्मा हिस्सा सरकारजमा, आजच हालचाल करा. खाली नमस्काराचे सात हात.

उत्कर्षा एम.एस्सी. होती, त्यामुळे ती घाबरायची तीसुद्धा संदर्भासहित. लेक अक्षता दोनदा शिंकली की तिसऱ्या शिंकेच्या आत तिचे पाच आजार वाचून व्हायचे. (पाचांपैकी तीन तिला स्वतःला जाणवू लागायचे.) लग्नानंतरच्या चौथ्याच दिवशी, दूध किती वेळ तापवावं याविषयी मोबाइलवर वाचता वाचता तिने अख्खं पातेलं करपवलं होतं. तो इतिहास घरात कुणी काढत नसे.

तिच्या नवऱ्याने, दिग्विजयने, लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सांगितलं, की आपल्याकडे असा कर नाही. होता, तो बंद होऊन चाळीस वर्षं झाली.

"बंद झालेलं परत येतं," उत्कर्षा म्हणाली. "बेलबॉटम नाही आली?"

यावर त्याला एकदम मीटिंग आठवली.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. कर्वेनगरचा फ्लॅट कौशल्याबाईंचा, तांब्यापितळेची भांडी त्यांची, देवघरातली चांदी त्यांची, आणि उत्कर्षा ऑफिसला गेली की तीन वर्षांची अक्षताही दिवसभर त्यांचीच. अशा बाईला 'तुम्ही गेल्यावर' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य ऐकवायचं कसं? 'मी हिंडतीफिरती असताना सूनबाईंनी मोजदाद काढली' असं त्यांना वाटलं तर? कर एक वेळ भरता आला असता. त्यांचं मन एकदा उडालं, तर ते कुठल्या हप्त्यात भरणार?

तरी चहाच्या वेळी तिने विषयाला हात घातला.

"आई, या भांड्यांचा तुम्ही पुढचा काही विचार केलाय?"

"रोज करते. यमुनाबाई घासायला आली नाही की जास्त."

फ्लॅट आपल्या आवाक्यातला नाही हे उत्कर्षाला कळत होतं. भांडी मात्र होती. आपल्या लोकांत भांडं कुणाचं हे पावतीवर नाही, नावावर ठरतं. पंगतीत हरवलेली परात दहा वर्षांनी शेजारी सापडली, तरी उलटी करून नाव दाखवलं की मुकाट्याने परत मिळते. मग भांड्यांवर अक्षताचं नाव घातलं आणि खाली बारशाची तारीख टाकली, तर कुठला अधिकारी काय बोलणार? (मागची तारीख घालणं गुन्हा आहे का, हे तिने तीन ठिकाणी शोधलं. घंगाळाबद्दल कुठेच काही नव्हतं.)

गुरुवारी कौशल्याबाई भाच्याच्या साखरपुड्याला वाघोलीला, माहेरी गेल्या. उत्कर्षाने रजा टाकली. घंगाळ, परात, समई, दोन तांबे, चांदीचं ताम्हन, सगळं घाईघाईने जुन्या चादरीत बांधलं, बोचकं रिक्षात घातलं आणि अक्षताला मांडीवर घेतलं. रिक्षावाल्याने आरशातून बोचकं पाहिलं, खणखणाट ऐकला आणि हलक्या आवाजात विचारलं, "माहेर मंडईतच का ताई?"

मंडईमागच्या बोळात सर्जेराव भांड्यांवर नावं घालायचं मशीन घेऊन बसत. उत्कर्षाने मजकूर कागदावर लिहून दिला. त्यांनी घंगाळ उलटं केलं, कागद पाहिला, परत घंगाळ पाहिलं. मग परात उलटी केली. मग ताम्हन.

"हेच तर लिहिलंय की," ते म्हणाले.

प्रत्येकाच्या बुडाशी वळणदार अक्षरात एकच ओळ होती. चि. अक्षता, बारसे. तारीखही तीच. (नाव भांडं उलटं करून बघतात, हे जगाला सांगणाऱ्या उत्कर्षाने घरी एकही भांडं उलटं केलं नव्हतं.)

"अक्षर माझंच हाय," सर्जेराव म्हणाले. "पण घेऊन आलेल्या बाई वेगळ्या होत्या." त्यांनी पायाने बोचकं हळूच आपल्याकडे ओढलं. भांडी कुणाची, असं विचारलं. सासूबाईंची, असं उत्तर मिळालं. त्यांना ठाऊक आहे का, असं विचारलं. या प्रश्नावर उत्कर्षाने क्षणभर विचार केला, आणि तोच क्षण नडला. हल्ली चोर बरोबर लेकरंही आणतात, असं शेजारच्या दुकानदाराला सांगत सर्जेरावांनी वहीतून त्या बाईंचा नंबर काढून फोन लावला. बराच वेळ नुसतं हं हं केलं. मग फोन तिच्या हातात दिला.

"आई, मी..."

"कळलं. अक्षताला ऊन लागू देऊ नकोस. आणि मंडईत आहेसच, तर कोथिंबीर आण. एकच जुडी."

सर्जेरावांनी तिला चहा पाजला. तो तिला आयुष्यातला सर्वांत कडू चहा वाटला.

संध्याकाळी कौशल्याबाई कोथिंबीर निवडायला बसल्या आणि उत्कर्षा समोर. रिक्षात तिने चार वाक्यं तयार केली होती. दुसऱ्याच शब्दाला रडू फुटलं, तरी मेसेज, कर, बारशाची तारीख, सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"माझे वडील गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा तेराव्याला माझ्या दोन भावांनी ह्याच घंगाळाच्या दोन कड्या धरलेल्या. पंगत वाढलेली हाय, आणि हे ओढतायत." (माहेरच्या आठवणीत त्यांची भाषाही माहेरी जायची.) "शेवटी रागाने माझ्या अंगावर टाकलं. तेव्हाच ठरवलं, आपल्या मागे कुणी कडी धरायची नाही."

मग त्यांनी कपाटातून एक फाइल आणली. फ्लॅटचं बक्षीसपत्र, गेल्या वर्षी रीतसर नोंदवलेलं, अक्षताच्या नावाने. नातीला दिलं की मुद्रांक नाममात्र लागतो, हे त्यांनी स्वतः कचेरीत विचारून आणलं होतं, डब्यात पोळीभाजी घेऊन, तीन खेपा घालून. अखेरपर्यंत याच घरात राहायचा हक्क त्यांचा, कलम तिसरं. पालक म्हणून सही दिग्विजयची.

"मला का नाही सांगितलं?"

"तू प्रत्येक कलमावर पाच आजार वाचले असतेस."

"म्हणजे आपण सगळे अक्षताकडे राहतो?"

"हो. तेव्हा तिच्यावर उगाच ओरडत जाऊ नकोस." कौशल्याबाईंनी काड्या बाजूला सारल्या. "आता माझ्या नावावर उरलंय काय? दोन चष्मे आणि मधुमेह. त्यातला निम्मा सरकारने खुशाल न्यावा."

उत्कर्षाने फाइल मिटली. जो विषय कालपासून तिच्या घशाखाली उतरत नव्हता, तो या बाईने बारशाच्या घुगऱ्या वाटता वाटता संपवायला घेतला होता. कुणाला बोलून दाखवलं नाही, ग्रुपवर टाकलं नाही, हात जोडले नाहीत. आपण एवढं शिकलो, ते नक्की कशासाठी, असा प्रश्न तिला पडला. (तो शोधायची मात्र हिंमत झाली नाही.)

"आणि सगळं नातीलाच दिलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस," सासूबाई उठत म्हणाल्या. "एक भांडं तुझ्याही नावाने आहे."

उत्कर्षाने डोळे पुसले. एकदा 'कशाला, आई' म्हणायचं आणि मग घ्यायचं, असं तिने ठरवलं.

कौशल्याबाईंनी ओट्याखालून एक पातेलं काढून तिच्या हातात ठेवलं. आतून कोळशासारखं काळं. या वेळी तिने न विसरता ते उलटं केलं. सर्जेरावांचं तेच वळणदार अक्षर होतं. सौ. उत्कर्षा हिजकडून सप्रेम भेट. खाली तारीख, लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाची.

"हे निर्धास्तपणे ठेव," सासूबाई म्हणाल्या. "कसलाही कर येऊ दे, हे जप्त करायला कुणी येणार नाही."