मध्यंतरापर्यंतचा आवाज

दाढीवाल्या गायकाने तोंड उघडलं आणि कानसेनांनी हेडफोन काढून पुन्हा कानाला लावला. काचेपलीकडे रंगमंचावर सहा फुटी, रुंद खांद्यांचा पुरुष उभा होता आणि हेडफोनमधून येत होता चक्क बाईचा आवाज.

कानसेन हे नभोवाणी केंद्राचे ध्वनितंत्रज्ञ. हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं, निम्मं कौतुकाने आणि निम्मं छळायला. छताचा पंखा कोणत्या सुरात फिरतोय, हे ते बसल्या जागी सांगत. पण गेल्याच महिन्यात या कानाला दृष्ट लागली. एका निवृत्त न्यायाधीशांचं भाषण लावताना यंत्राचा वेग चुकला आणि पंचाहत्तरीचे गृहस्थ बालवाडीतल्या मुलीच्या आवाजात कायद्यावर वीस मिनिटं बोलले. साहेबांनी लेखी ताकीद दिली. पुन्हा आवाज बिघडला, तर थेट प्रसारण कायमचं बंद. तळघरात बसून जुन्या फिती पुसायच्या. कानसेनांना गाण्यावाचून चैन पडत नसे, त्यामुळे ही शिक्षा त्यांना फाशीपेक्षा थोडीच कमी वाटली होती. आज निघताना बायकोनेही बजावलं होतं, "हे बघा, काही दुरुस्त करायला जाऊ नका. जे येईल ते येऊ द्या."

आणि आता हे आलं होतं.

कानसेनांनी डोकं शांत ठेवलं. व्हायोलिनं ठीक होती. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोची ती शिडशिडीत आजी, तीही सुरात होती. म्हणजे वेग बरोबर होता. बिघाड फक्त गायकाच्या माइकमध्ये होता. शिवाय दुपारच्या तालमीत हाच माणूस हेच गाणं भरदार, खर्जातल्या आवाजात गायला होता. कानसेनांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि स्वतःच्या कानांवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

कार्यक्रमपत्रिकेत गायकाच्या नावापुढे 'काउंटरटेनर', म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष, असं छापलं होतं, पण कानसेन पत्रिका वाचत नसत. सुरुवातीला निवेदिकेने हा प्रकार सविस्तर समजावूनही सांगितला होता. मात्र निवेदन ही कानसेनांच्या लेखी माइकची पातळी तपासायची सोय होती. निवेदिका काय बोलते याकडे त्यांनी सव्वीस वर्षांत कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्यांनी गायकाच्या माइकपुरता आवाज एक सप्तक खाली उतरवला. हेडफोनमध्ये लगेच पुरुष गाऊ लागला. कानसेनांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरा गायक आला. हा बुटका, टकलू आणि पहिलवानी मानेचा. त्याने सूर लावला, तर तोही बाईचा.

"दुसऱ्यालाही लागण झाली!" कानसेन पुटपुटले आणि त्यालाही खाली ओढलं.

मग दोघांचं द्वंद्वगीत झालं. या गाण्यांची रीत अशी, की पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा आणि त्यावर गळ्याचं सगळं नक्षीकाम चढवायचं. ते नक्षीकाम सप्तकभर खाली उतरल्यावर दोन माणसं कोमट पाण्याच्या गुळण्या करताहेत असं वाटत होतं. पण प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथे माइकशिवायचा खरा आवाज ऐकू येत होता, हे काचबंद खोलीत बसलेल्या कानसेनांच्या ध्यानात आलं नाही. लोकांना खर्ज आवडतो, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

मध्यंतराला फोन वाजला. साहेब गाडीत बसून ऐकत होते.

"शाब्बास! आवाज कसा खणखणीत येतोय. आता कशालाही हात लावू नका. मी येतोच आहे."

कानसेनांची छाती फुगली. तेवढ्यात दाढीवाला गायक दार ढकलून आत आला. "तिसऱ्या ओळीत माझा श्वास तुटला का हो? जरा ऐकवता?" त्याचा बोलण्याचा आवाज चांगला भारदस्त होता. कानसेनांनी अभिमानाने हेडफोन पुढे केला.

गायकाने दहा सेकंद ऐकलं. "हा कोण?"

"तुम्हीच की."

"मी? अहो, मी असा गात नाही!"

"तालमीत असंच गात होता!"

"तालमीत मी गळा राखतो. खालच्या सप्तकात नुसतं म्हणून घेतो. माझा खरा आवाज वरचा. त्यासाठी पंधरा वर्षं घासली आहेत मी!"

कानसेनांनी हेडफोन परत घेतला. आपण जे दुरुस्त केलं तेच मुळात धड होतं, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग दुसरी गोष्ट कळली. आवाज आता मूळपदी आणला, तर साहेबांना तो बिघडलेला वाटणार. नाही आणला, तर साहेब खूश. खुद्द साहेबांचाच हुकूम होता, कशालाही हात लावू नका.

"तुम्ही गा," कानसेन कसेबसे म्हणाले. "मी बघतो."

उत्तरार्ध सुरू झाला. गायकाने पहिला सूर लावला आणि कानसेनांनी फक्त स्वतःला कळावं म्हणून मूळ आवाज कानात घेतला. तो सूर लांबत गेला, बारीक होत गेला, आणि तुटला मात्र नाही. कानसेनांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा गळा आपण तासभर जगाला गुळण्या म्हणून ऐकवला, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी दोन्ही माइक मूळपदी आणले आणि तळघर तर तळघर, असं म्हणून हात मांडीवर ठेवले.

शेवटच्या टाळ्या थांबायच्या आत साहेब धापा टाकत आत शिरले. पाठोपाठ दाढीवाला गायकही आपल्या भारदस्त आवाजात 'कसं झालं?' असं विचारत आला.

"पुन्हा तेच! मध्यंतरापर्यंत सोन्यासारखं चाललं होतं आणि मग या भल्या माणसाची बाई केलीत?"

"साहेब, तोच यांचा खरा आवाज आहे."

"मला शिकवता? बोलताना ऐकू येतोय की यांचा आवाज!"

गायकाला राहवलं नाही. या माणसाने आपल्यासाठी नोकरी पणाला लावली, एवढं त्याला समजलं होतं. त्याने तिथेच, खोलीच्या मधोमध उभं राहून एक ओळ गायली. साहेबांनी छताकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या स्पीकरकडे पाहिलं.

"आधी ते यंत्र बंद करा!"

कानसेनांनी मुख्य तार भिंतीतून उपटली. खोलीतले सगळे लाल-हिरवे दिवे विझले. गायकाने तीच ओळ पुन्हा, आणखी वरच्या पट्टीत म्हटली.

साहेब त्याच्या अगदी दाढीजवळ कान नेऊन उभे राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "अद्भुत आहे हो," ते हळूच म्हणाले. "चूक माझी. कानसेन, तुम्ही बरोबर होता."

गायक खुशीत हसला. कानसेनही हसले. साहेबही हसले आणि हसता हसता मध्येच थांबले.

"पण मग," ते म्हणाले, "मध्यंतराच्या आधी गात कोण होतं?"

गायकाने कानसेनांकडे पाहिलं. कानसेनांनी हातातल्या तारेकडे पाहिलं.

"गळे यांचेच होते, साहेब," ते म्हणाले. "आवाज तेवढा माझा."