भावोजींच्या हातातली अँटेना

अँटेनाची खालून दुसरी नळी किंचित वाकली होती, जेमतेम बोटभर. एका घारीची ती रोजची बसायची जागा. पण तेवढ्यानं टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंना चार खांदे फुटले होते, आणि नेमका आज चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीचा निकाल होता.

वाशीच्या त्या इमारतीत टीव्ही एकच, सुधीर आणि जयमालाचा. दुपारपासून शेजारपाजार त्यांच्या सतरंजीवर येऊन बसला होता. निकालांच्या अधूनमधून सिनेमा दाखवणार होते, आणि बऱ्याच जणांना देशापेक्षा त्या सिनेमाची काळजी होती.

त्यातच दादरहून जयमालाचे मोठे दीर, नंदकिशोर भावोजी आले. पडद्यावरच्या मुंग्या पाहून ते खूश झाले.

"मी सांगत होतो सुधीर, खाडीपलीकडे मिठागरं असतात, माणसं नाही राहत. साधं चित्र येत नाही इथे! रविवारी टेम्पो सांगितलाय. सामान बांधा. दादरची खोली किती दिवस कुलपात ठेवायची?"

सुधीरनं जयमालाकडे पाहिलं. इथंच राहायचं, हे दोघांनी गणपतीतच ठरवलं होतं. दादांना सांगायचं तेवढं सुधीरकडे होतं. दसरा गेला, दिवाळी गेली. जयमालाला इथल्या शाळेत पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा मिळाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खिडकी.

"चहा घेणार, दादा?" सुधीर म्हणाला.

"चहा नंतर. आधी तुमची ती काठी बघतो."

भावोजींनी गच्चीवर जाऊन नळी धरली मात्र, खालून जल्लोष झाला. सोडली, की हळहळल्याचा आवाज. पुन्हा धरली, पुन्हा जल्लोष. जिन्यातून गावठाणातल्या केशरबाई ओरडल्या, "भाऊ, हात काडू नका! चित्र काचेवानी हाय!"

सुधीरनं धरून पाहिली. मुंग्या. केशरबाईंनी पाहिली. मुंग्याच. वाशीला दादरचाच माणूस लागत होता.

"अरे, कोण पुढे आहे?" भावोजी वरून विचारत होते. सरकार, वर्तमानपत्रं, हे नवीन रंगीत टीव्हीचं खूळ, सगळ्यांवर त्यांची मतं तयार होती. ऐकणारे मात्र खाली.

"आता सिनेमा लागलाय, दादा!"

"मग सोडतो!"

"नाही!" अख्खी इमारत ओरडली.

जयमाला चहा घेऊन वर गेली. बशी तिलाच त्यांच्या तोंडाशी धरावी लागली.

"तू सायन्स शिकवतेस ना?" भावोजी कळवळून म्हणाले. "काहीतरी उपाय काढ."

उपाय होता. नळीला तार बांधून ती पाण्याच्या पाइपाला जोडली, की बहुधा काम झालं असतं. तार घरात होती.

"बघते," जयमाला म्हणाली, आणि जागची हलली नाही. भावोजींचं बोलणं निम्मं हातांनी चालायचं. समोरच्याचं वाक्य ते हातानंच तोडत. आज दोन्ही हात गुंतलेले होते.

"भावोजी, एक सांगायचं होतं."

"टेम्पोचं ना? तो सकाळी आठलाच—" उजवा हात सवयीनं उठला. खालून एकच गिल्ला झाला. हात मुकाट्यानं नळीवर परतला.

"टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगा," जयमाला म्हणाली. "आम्ही दादरला येणार नाही. आम्ही इथंच राहणार."