वांग्याच्या भरताला कोणती वाइन?

माझ्या बेबीमावशीनं आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता; पण कुठल्या जेवणासोबत युरोपातली कोणती वाइन घ्यावी, हे ती अकोल्यात कुणालाही थांबवून सांगायची. एकदा जुन्या शहरातून ऑटोनं येताना चालक सहज म्हणाला, आज घरी भरीत आहे. मावशी पुढे वाकली.

"भरताले फ्रान्सची सिरा वाइन. उत्तरेकडची. तिच्यात धूर हाय, मिरे हाय. वांग्याले वाटते, आपलंच कोनी भेटलं."

चालकानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मोर्णा नदीकडे पाहिलं.

मावशीची मुलगी प्राची पोर्तुगालमध्ये असते. तिचं लग्नही तिकडेच झालं. मावशीनं ते फोनवर पाहिलं. प्राची येताना लहान बाटल्या आणते. मावशी बूच काढते, डोळे मिटून वास घेते, बूच लावते. पुढे त्याचं व्हिनेगर झालं की कांद्यावर घालते. तिचे शेरे मात्र पक्के. जर्मनीची रिस्लिंग म्हणजे "कैरीवर रॉकेल सांडलं वं, पन चांगलं रॉकेल", आणि तिच्यासोबत कोथिंबिरीची सांभारवडीच. रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी, असं एका व्हिडिओत ऐकून ती भडकली होती. "कोनाच्या रूमचं? मे महिन्यात अकोल्याले ये म्हना त्याले!"

मे महिन्यातच प्राची आणि तिचा नवरा आले. धोंड्याचा महिना लागला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, म्हणून मावशीनं तियागोरावांना रीतसर आमंत्रण दिलं. सोबत त्यांचे वडीलही निघाले. त्यांची द्राक्षाची शेती आहे आणि घरची पोर्ट वाइन आहे. मावशीला तीन दिवस झोप नव्हती. "लग्नात मी नव्हती. व्याह्यानं मले पाह्यलंच नाई. आता इथून जाताना त्याले वाटलं पाह्यजे, की पोरीच्या मागं घर हाय."

दुभाषी म्हणून मला अमरावतीहून बोलावलं. मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. "कॉन्व्हेंटची हायस ना? मंग बोल!" मावशीनं विषय संपवला.

व्याह्यांनी आल्याआल्या आपली बाटली मावशीच्या हातात ठेवली. शेजारच्या काकू दारातच होत्या. "बेबी, अधिकात दारू पाजतं का वं जावयाले?"

"दारू काहून? व्याह्याच्या वावरातला माल हाय. त्यानं घरची तूर आनली असती, तं परत केली असती का?"

काकू आत येऊन बसल्या.

जेवायच्या वेळेला लाइन गेली. कूलर बंद, फ्रीज बंद. प्राचीचा चेहरा पडला. मावशी मात्र माठाकडे गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत रोवलेली तीच बाटली घेऊन आली. व्याह्यांनी बाटलीला हात लावून पाहिला आणि भुवया उंचावल्या. ताटात तुपात न्हालेले धोंडे आले.

"सांग त्याहिले," मावशी म्हणाली. "वाइन जेवनापेक्षा गोड पाह्यजे, नाई तं आंबट लागते. म्हनून धोंड्याले पोर्ट." मग तिनं पेल्यात नाक घातलं. "भाजलेला गूळ. सुकं अंजीर. अन् मांगून, आजीच्या पेटीचं लाकूड."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पेटीपाशी अडखळले, पण व्याही तोवर उठून उभे राहिले होते. त्यांची वाइन आजोबांच्या वेळच्या लाकडी पिंपात मुरते, असं त्यांनी सांगितलं आणि मावशीला हात जोडले. मग धोंडा, मग घोट, मग डोळे मिटून पुन्हा धोंडा. शेवटी त्यांनी एक पेला मावशीपुढे धरला. त्यांच्या वावरातला माल. विहिणीनं चाखायलाच हवा.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मावशीनं देवाकडे एकदा पाहिलं आणि काढा घेतात तसा पेला एका दमात रिकामा केला.

"नाइस!" ती ओरडली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या.

दुपारी पाहुणे आडवे झाले. आम्ही दोघी ओसरीत भांडी पुसत होतो. "खरंच कशी लागली?" मी विचारलं.

"खोकल्याच्या औषधावानी."

"मग इतकं सगळं शिकलीस कशाला?"

ती पेला पुसत राहिली. "पह्यले पोरगी फोनवर म्हने, जेवली का, काय जेवली, ठेवतो. एक दिवस मी इचारलं, तुझा सासरा वाइनसंगं काय खाते वं? अर्धा घंटा बोलली. मंग मी रोज नवीन इचारू लागली."

आतून प्राचीचा झोपाळलेला आवाज आला. "आई, संध्याकाळी भरीत करशील?"

मावशीनं पेला पालथा घातला. "करतो ना माय. पन भरताले कोनती वाइन लागते वं? मले काई समजत नाई."

प्राची उठून बाहेर आली, आईजवळ मांडी घालून बसली आणि सांगू लागली. मावशी हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी पुढचा पेला पुसायला घेतला.